चारवरचा लाल ठिपका

मी एक अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. आजवर दुसऱ्याचंच मोठ्याने सांगत आलो. स्वतःचं सांगायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सुरुवातीला जरा घरघर होईल. ती सांभाळून घ्या. बटण दाबल्यावरचा पहिला क्षण मला नेहमीच जड जातो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब बाकावर झाला. एकीने माझ्या पोटात तारा ओवल्या, दुसरीने त्यांना डाख दिले, आणि एका धिप्पाड माणसाने पंधरा इंची स्पीकर बसवून माझ्या पाठीवर थाप मारली. मग मला उचलून तो म्हणाला, "बाप रे, जड आहे!" माझ्याविषयी कुणी काढलेला हा पहिला उद्गार. पुढे प्रत्येक जिन्यावर तोच ऐकत आलो.

आमची जात स्टील गिटारवाल्यांसाठी केलेली. ही गिटार उभी धरत नाहीत. ती चार पायांवर टेबलासारखी आडवी असते आणि वाजवणारा तिच्यापुढे बसतो. एका हाताच्या बोटांत धातूच्या नख्या, दुसऱ्या हातात गुळगुळीत पोलादी दांडी, आणि उजव्या पायाखाली एक पेडल. तार छेडली की सूर लगेच विझायला लागतो. तो विझू लागला की वाजवणारा पेडल हळूहळू दाबत जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काय सूर उभा राहिलाय! उभा कसला, तो कधीचा निघालेला असतो. पाय आणि मी मिळून त्याला दारात थोपवून धरलेलं असतं.

म्हणून आमच्या अंगात पुष्कळ ताकद राखून ठेवलेली लागते, आणि कितीही दाबलं तरी आवाज फाटून चालत नाही. साध्या गिटारवाल्यांना थोडा फाटलेला आवाज आवडतो, त्याला ते ऊब म्हणतात. स्टीलवाल्यांना तोच आवाज दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

मला घरी आणलं ते बाबांनी. तेव्हा ते कुणाचे बाबा नव्हते. ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवायचे आणि सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी चारही बटणं मनासारखी लावली आणि बायकोची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. प्रत्येक बटणाच्या कडेला एकेक लाल ठिपका दिला. खर्ज पाचवर, मधला तीनवर, घुमारा दोनवर, आणि वरच्या सुरांची चकाकी, जिला ते ट्रेबल म्हणत, ती चारवर.

"आता डोळे मिटूनही लावता येईल," ते खुशीत म्हणाले.

"नेलपॉलिश संपलं," त्यांची बायको म्हणाली. तिला मी घरातल्यांसारखंच आई म्हणतो.

वीस वर्षं आम्ही मंचांवर काढली. मग ऑर्केस्ट्रा पांगला आणि मास्तरांची गिटार पेटीत गेली. मला बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं. माझ्यावर आधी एक कापड आलं, मग टेलिफोन आला, टेलिफोन गेल्यावर फुलदाणी आली. आठ वर्षं मी टेबल होतो. टेबल म्हणून माझ्याविषयी कुणाचीही तक्रार नव्हती, हे मुद्दाम सांगतो. फुलदाणीचं पाणी मात्र झिरपत झिरपत माझ्या आत उतरत राहिलं. त्याविषयी माझी तक्रार होती, पण टेबलाला कोण विचारतं?

यंदा घरात मुलाचं लग्न झालं. सून आली. हळू बोलणारी, बघणारी पोरगी. नव्या घरात कुठला डबा कुठे असतो हे विचारण्यापेक्षा ती दोन दिवस नुसती बघायची आणि तिसऱ्या दिवशी बरोबर डबा काढायची. तिने एक दिवस धूळ पुसायला फुलदाणी उचलली, कापड काढलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "हे टेबल नाहीये," ती स्वतःशीच म्हणाली. आठ वर्षांनी कुणाला तरी पत्ता लागला.

आणि त्याच आठवड्यात ऑर्केस्ट्रातल्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याचा फोन आला. बाबांचा जुना मित्र. फोनवर तो इतका ओरडून बोलतो की फोन नसता तरी चाललं असतं. "मास्तर! महिनाभराने सगळे जमतोय! शाळेच्या हॉलमध्ये! आपले जेवढे उरलेत तेवढे! तुमची गिटार पाहिजेच, नाहीतर मी वाजवणार नाही!"

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्यावरची फुलदाणी उचलून खिडकीत नेऊन ठेवली.

मला मिस्त्रीकडे नेलं. दुकान अरुंद, भिंतभर उघडे रेडिओ, प्रत्येकाची आतडी बाहेर. मिस्त्रीच्या हातात सदा पकड. त्याने माझं पोट उघडलं आणि "अरेरे" म्हणाला. कुठल्याही दुरुस्तीवाल्याने म्हणू नये असा हा शब्द. सुजलेले कपॅसिटर काढले, गंजलेले सांधे खरवडले, नवे डाख दिले. माझी पेटी तीच, स्पीकर तोच, ठिपके तेच. आतलं निम्मं अनोळखी. बटण दाबलं की मी बोलेन, पण मीच बोलेन का? ही शंका मला त्या दुकानात लागली आणि आजवर पुरती सुटलेली नाही.

स्पीकरवर मात्र मिस्त्रीचा डोळा होता. "असा पंधरा इंची आता बनत नाही," तो बाबांना म्हणाला. "माझ्याकडे एक बेसवाला कधीचा मागतोय. अ‍ॅम्प नाही जमला तरी स्पीकर फुकट जायचा नाही, मास्तर."

हे तो धीर द्यायला म्हणाला. मला काय वाटलं ते विचारू नका.

पहिली चाचणी घरीच झाली. बाबांनी पेटीतून गिटार काढली, पाय लावले, नख्या चढवल्या. आई दारात, सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मिस्त्री पकड घेऊन तयार. सगळे माझ्याकडे बघत होते. सून नवीन होती तेव्हा तिच्याकडे असेच बघायचे, त्यामुळे ती एकटीच माझ्याकडे न बघता ओट्याकडे बघत होती. मला ते बरं वाटलं.

बाबांनी पहिला सूर लावला, पेडल दाबलं, आणि मी फाटलो.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"जरा ऊब दिली, मास्तर," मिस्त्री म्हणाला. "हल्ली सगळे गिटारवाले असंच करून मागतात."

"ऊब स्वेटरला असते. मला स्वच्छ पाहिजे."

चूक मिस्त्रीची होती आणि त्याने ती कबूल केली. मी परत दुकानात, परत पोट उघडं, परत घरी. दुसऱ्या चाचणीत बाबांनी पेडल तळापर्यंत दाबलं तरी मी फाटलो नाही. सूर दारात उभा राहिला तो राहिलाच. आईसुद्धा म्हणाली, "अगदी पूर्वीसारखं."

बाबांची मान मात्र हलेना. "चकाकी नाही. आवाज बसलाय."

त्यांनी ट्रेबल चारवरून सहावर नेलं. मग आठवर. मग नऊवर. आईने कानात बोटं घातली. "अहो, कपाटाच्या काचा फुटतील!"

"तुला सुरांतलं काय कळतं?"

"सुरांतलं नाही कळत. पण कान माझे आहेत ना?"

मिस्त्रीने मीटर लावून पाहिलं. "मीटर म्हणतो, सगळं ठीक आहे."

"मीटरने कधी गाणं ऐकलंय?" बाबा म्हणाले, आणि मी तिसऱ्यांदा दुकानात गेलो.

ते दिवस वाईट गेले. मिस्त्रीला माझ्यात दोष सापडेना, मला माझ्यात सापडेना, आणि दोष तर होता, कारण मास्तर म्हणत होते. इतकी वर्षं ज्यांच्या कानावर विश्वास ठेवला त्यांच्यावर आता अविश्वास कसा दाखवायचा? मी स्वतःलाच तपासत राहिलो. पाणी अजून कुठे मुरलंय का? नवे भाग जुन्यांशी बोलत नाहीत का? टेबल असतानाच मी संपलो होतो का?

शेवटी मिस्त्रीने निर्वाणीचं सांगितलं. "शनिवारी आणतो, मास्तर. याही वेळी नाही पटलं तर मी हात टेकले. तिथेच स्पीकर काढून घेतो. खोकं तुम्हाला, फुलदाणी ठेवायला."

जमायचं होतं त्या शनिवारनंतर आठ दिवसांनी, रविवारी.

या सगळ्या दिवसांत घरात आणखी एक गोष्ट चालली होती, ती मी दुकानाच्या फेऱ्यांमधे घरी असताना कोपऱ्यातून पाहिली होती आणि मला तिचा अर्थ लागला नव्हता. सून बाबांना काहीतरी विचारायची आणि बाबा उत्तर द्यायचे नाहीत. "बाबा, चहा ठेवू?" बाबा वर्तमानपत्रात. "बाबा, खिडकी लावू का?" बाबा गप्प. ती एक क्षण थांबायची आणि आत जायची. तिच्या चेहऱ्यावर राग नसे. आपलं काय चुकलं हे शोधणाऱ्या माणसाचा चेहरा असे, आणि तो चेहरा मी चांगला ओळखतो. उलट बाबा आईला म्हणताना मी ऐकलं होतं, "पोरगी गुणाची आहे गं, पण बोलत कशी नाही? आपल्या घरात रमली नाही वाटतं."

शनिवार उजाडला. मिस्त्रीने मला दोन मजले चढवले आणि जे सगळे म्हणतात तेच म्हणाला. बटणं ठिपक्यांवर लावली. बाबा वाजवायला बसले. मी जीव एकवटला.

सूर स्वच्छ आला. मला स्वतःला ऐकू आलं की स्वच्छ आहे. आई हसली, मिस्त्रीने पकड खिशात टाकली.

बाबांनी ट्रेबल सहावर नेलं. आठवर. नऊवर. मग नख्या काढून गिटारवर ठेवल्या.

"नाही रे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मिस्त्रीही रागावला नाही. "बसलाय. त्याचा दोष नाही, म्हातारा झालाय बिचारा. काढ तुझा स्पीकर."

मिस्त्रीने पेचकस काढला. माझ्या स्पीकरला आठ स्क्रू आहेत. पहिला निघाला. दुसरा निघाला. आयुष्यात इतकं शांत मी कधीच राहिलो नव्हतो. तिसरा कुरकुरला, आठ वर्षांच्या पाण्याने गंजलेला. त्या गंजाचे मी मनातल्या मनात पाय धरले.

"बाबा, एक विचारू का?" सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

बाबा माझ्याकडेच बघत होते.

ती आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. थोडी वाकली. आवाज नेहमीपेक्षा जाड काढून म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"अगं, विचार की! तू काही विचारलंस तर मला आनंदच आहे."

"गिटारच्या तारा बदलल्या होत्या ना?"

"दोनदा. दोन्ही वेळा बोथट निघाल्या. हल्लीचा मालच तसा."

"आणि वायर?"

"तीही नवी. तीही तसलीच."

"तुमच्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट लावली होती परवा?"

"ती तर पारच बसलीय. जुनी झाली ना."

"आणि बातम्या देणारी?"

"ती बाई पुटपुटते. पूर्वीचे लोक कसे खणखणीत बोलायचे." बाबा हसले. "घरात तरी कोण बोलतं? तू तर तोंडच उघडत नाहीस."

ती आणखी थोडी वाकली. मग म्हणाली, "बाबा, हे सगळे एकदमच कसे बसले?"

 तेवढ्यात स्वयंपाकघरातून टीं टीं टीं असा बारीक आवाज येऊ लागला.

"वहिनी, फ्रिजचं दार उघडं राहिलंय वाटतं," मिस्त्री म्हणाला.

"कुठे?" बाबा म्हणाले. "कशावरून?"

मिस्त्रीने आईकडे पाहिलं. आईने सुनेकडे. फ्रिज टीं टीं करत राहिला आणि बाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना काहीतरी ऐकू येत होतं.

फ्रिजचं दार विसरून उघडं राहिलं की कुणी मुद्दाम ठेवलं, हे माझ्या कोपऱ्यातून स्पष्ट दिसत होतं. पण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा उठून आत गेले. दार लोटून घेतलं. आई त्यांच्यामागे निघाली आणि अर्ध्यातच थांबली. तीस वर्षांत तिला टोमणा सुचला नाही असा हा पहिलाच प्रसंग असावा. सून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. घरात येऊन पुरते चार महिने झाले नाहीत आणि आपण सासऱ्यांना काय सांगून बसलो, हे तिच्या हातांवरून कळत होतं. मिस्त्रीच्या मुठीत माझे दोन स्क्रू.

सुटलो, असं मला वाटायला हवं होतं. दोष माझा नव्हता! पण मला तसं वाटलं नाही. मी बिघडलो तर स्पीकर कुणाच्या तरी उपयोगी पडतो. वादकाचा कान बिघडला तर त्यातलं काय काढून कुणाला द्यायचं?

पाव तासाने दार उघडलं. बाबांनी तोंड धुतलं होतं. ते गिटारपुढे बसले, नख्या चढवल्या.

"सूनबाई, ते लाल ठिपके तुला दिसतात ना? लाव त्यावर. सगळी बटणं."

तिने लावली. ट्रेबल नऊवरून एकेक घर उतरवत चारवर आणून ठेवलं.

"आता मी वाजवतो. तू ऐकायचं. मला बरं वाटावं म्हणून सांगायचं नाही."

"मला गाण्यातलं कळत नाही, बाबा."

"तुझ्या सासूलाही कळत नाही. ती तीस वर्षं सांगतेच आहे."

मिस्त्रीने मुकाट्याने स्क्रू परत बसवले. बाबांनी वाजवलं. संपूर्ण गाणं, मधे न थांबता. त्यांना मी तेव्हाही बसलेलाच ऐकू येत असणार. अंधारात ओळखीच्या खोलीतून चालावं तसे ते हात फिरवत गेले.

गाणं संपलं. सगळे सुनेकडे बघू लागले. तिने घसा साफ केला.

"छान झालं," ती जाड आवाजात म्हणाली. मी निःश्वास सोडणार तेवढ्यात पुढे म्हणाली, "फक्त शेवटी वर चढताना... तिथे पोचायच्या जरा आधीच थांबलात."

आईने डोळे मिटले. मिस्त्रीने आढ्याकडे पाहिलं.

बाबांनी दांडी पुन्हा तारेवर ठेवली, तीच शेवटची ओळ घेतली, एक केसभर वर सरकवली. "इथे?"

"तिथेच."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पूर्वीसुद्धा तिथेच चुकायचो."

मग कानाच्या डॉक्टरकडे फेरी झाली. अ‍ॅकॉर्डियनवाल्याला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "मला दोन वर्षांपासून आहे मशीन! केस काय हौस म्हणून वाढवलेत?" काल बाबांचंही आलं. कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं. पंधरा दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत करा, असं त्याच्या डबीवर लिहिलंय. मी वाचलं आणि मला त्याची फार दया आली. तेही एक अ‍ॅम्प्लिफायरच. माझ्याच घराण्यातलं शेंडेफळ, आणि आल्या आल्या चाचणीला बसलेलं.

बाबांनी ते कानाला लावलं. इकडेतिकडे पाहिलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि त्याच्या आवाजाने दचकले.

"बाबा, चहा ठेवू?" सून आतून म्हणाली. तिच्या रोजच्या आवाजात.

बाबांनी मान वळवली. ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

"अहो, ती चहाचं विचारतेय," आई म्हणाली.

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "परत विचार गं. असंच. मोठ्याने नको."

तिने परत विचारलं. चहा झाला तो थंड होऊन गेला, कारण बाबा तिला एकामागून एक काय काय विचारत बसले आणि ती सांगत बसली. चार महिन्यांचं साचलेलं होतं.

मग ते माझ्यापाशी आले. चारवर लावलं, एक सूर छेडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मला मिस्त्रीचा पेचकस आठवला.

"फारच टोचतंय! हे चारवर आहे?"

"हो," सून म्हणाली.

"आणि मी नऊवर वाजवत होतो? तुम्ही लोकांनी सहन कसं केलंत?"

"कपाटाच्या काचांना विचारा," आई म्हणाली.

त्यांनी ट्रेबल तीनवर आणलं. ऐकलं. मान हलवली, या वेळी वरून खाली. सुनेने आतून तिची नेलपॉलिशची बाटली आणली, आणि माझ्या जुन्या लाल ठिपक्याशेजारी तीनवर एक नवा जांभळा ठिपका बसला. त्याचा वास अजून गेलेला नाही.

उद्या जमायचा रविवार. सकाळी नऊला गाडी येणार आहे. मी दाराशी उभा आहे, वायर गुंडाळलेली, अंगावर कापड, फुलदाणी नाही. शेंगदाणा डबीत झोपलाय. त्याची मुदत संपायला अजून चौदा दिवस आहेत. माझं ऐकाल तर एवढंच करा. तुमच्या घरात एखाद्याचा आवाज बसलाय असं वाटलं, तर पेचकस उचलण्याआधी घरातल्या सगळ्यांत हळू बोलणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि उत्तर ऐकू आलं नाही तर त्याच्या समोर जाऊन परत विचारा.

हॉल मोठा आहे म्हणतात. पुढच्या रांगेत सून बसणार, शेवटच्या चढावर ती हाताने खूण करणार, असं ठरलंय. बाबांना कळलं नाही तर? मी फाटलो तर? आत काहीतरी अजून ओलं असेल तर? तुम्ही आलात आणि पहिला सूर लागण्याआधी माझी घरघर ऐकू आली, तर हा रागीट दिसतोय असं समजू नका. पहिल्या क्षणी मला भीती वाटते, एवढंच.